सोबतीविना ट्रम्पेट

माझ्या भावोजींना आमच्या बँडमध्ये सगळे ‘पुरवणी’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. कारण सरळ आहे, त्यांचं कुठलंही बोलणं एका वाक्यात संपत नाही. ‘उद्या तालीम सहाला आहे’ एवढंच सांगायला उठले तरी ‘आणि दुसरं म्हणजे’ करत ते खुर्च्या, दिवे, खिडक्या, छत्र्या सगळं उरकूनच खाली बसतात. ताईच्या लग्नात त्यांनी मला, म्हणजे आपल्या एकुलत्या एका मेहुणीला, “कशी आहेस?” असं विचारलं होतं आणि मी तोंड उघडायच्या आत त्याला आणखी तीन प्रश्न जोडले होते. मी तेव्हाच ताईला म्हटलं, “माणूस चांगला आहे गं, पण याला कुणीतरी पूर्णविराम शिकवायला हवा.” ताई म्हणाली, “तू शिकव.” मला ते कधी जमलं नाही. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे ते कसे शिकले, त्याची ही हकिगत आहे.

भावोजी पाणीपुरवठा खात्यात मीटर दुरुस्तीचं काम करतात. घराघरांतून काढून आणलेली पाण्याची मीटरं त्यांच्या टेबलावर येतात. झाकण उघडायचं, आतली नखाएवढी चाकं ब्रशने साफ करायची, गाळ काढायचा, मग मीटर नळाला जोडून मोजलेलं पाणी त्यातून सोडायचं आणि काटा खरं बोलतोय की थापा मारतोय ते बघायचं. बत्तीस वर्षं हेच काम. संध्याकाळी तेच भावोजी खात्याच्या बँडमध्ये तिसरी क्लॅरिनेट वाजवतात आणि बँडचं सगळं लिखाणकामही करतात. एखादी रचना आमच्या वाद्यांना जमेल अशी बेतायची, मग प्रत्येक वादकाचा कागद, म्हणजे पार्ट, वेगळा लिहून काढायचा. मी शिवणकाम करते, त्यामुळे मला त्यातली मेख लगेच कळते. कपडा दुसऱ्याच्या अंगाचा असतो आणि तो आपल्या गिऱ्हाइकाला बसवायचा असतो.

बँडमध्ये आम्ही त्रेचाळीस जण. निम्मे खात्याचे नोकर, निम्मे माझ्यासारखे त्यांचे सोयरेधायरे. मी ट्यूबा वाजवते, बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. ‘बाईमाणसाला एवढं धूड कशाला?’ असं कुणी विचारलं तर मी म्हणते, जरा उचलून बघा, आणि विषय तिथेच संपतो. तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी, जुन्या पंपघरात. पंप केव्हाच काढून नेला, पण त्याचे मनगटाएवढे बोल्ट अजून जमिनीतून वर आलेले आहेत आणि ड्रमवाले बरोबर त्यांच्या मधोमध बसतात. भिंतींना खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा आहेत, मागच्या भिंतीवर बंद पडलेलं मोठं घड्याळ आहे. समोर चौथऱ्यावर मास्तर. हे पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे, आणि नाकावर माशी बसू न देण्याचा त्यांचा स्वभाव तिथूनच आलेला आहे.

आमच्या बँडचे काही रिवाज आहेत, ते बाहेरच्यांना विचित्र वाटतात. त्यातला सगळ्यात जुना रिवाज सोबतीचा. फार वर्षांपूर्वी एका टाकीच्या उद्घाटनाला उघड्यावर वाजवताना एका सोलो वाजवणाऱ्याचा कागद वाऱ्याने उडाला आणि तो बिचारा भर समारंभात तोंडात मारल्यासारखा गप्प झाला. तेव्हापासून ठरलं की या बँडमध्ये एकट्याने कुणी काही वाजवायचं नाही. एक जण सोलो वाजवणार, तर शेजारचा तेच सूर हळू आवाजात सोबत वाजवणार. एक पडला की दुसरा आहेच. आम्ही बहुतेक वेळा उघड्यावरच वाजवतो, त्यामुळे हा रिवाज कुणाला कधी खटकला नाही.

खटकला तो माझ्या ताईला. ताई खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची आणि बँडमध्ये सव्वीस वर्षं दुसऱ्या ट्रम्पेटच्या खुर्चीवर बसली. पहिली खुर्ची लंबूची. लंबू रस्त्यावरचे मोठे व्हॉल्व्ह उघडण्या-बंद करण्याच्या कामावर आहे, स्वभावाने सोन्यासारखा, आणि बँडमध्ये ताईपेक्षा बरोबर एक वर्ष आधी आलेला. आमच्यात खुर्ची वर्षांवर मिळते, वाजवण्यावर नाही. चार वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात लंबूच्या दाताचं काही निघालं म्हणून मास्तरांनी एक आठ बारांचा सोलो ताईला दिला. बार म्हणजे कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधली जागा, आमचा ड्रमवाला शनिवारी जिथे रमतो तो नव्हे. ताईने तो तुकडा महिनाभर घोटला, आणि ऐन वेळी तिसऱ्या बारात तिचा ओठ दगा देऊन गेला. आवाजच फुटेना. लंबू दुखऱ्या दाताने सोबत वाजवत होता, त्याने आवाज वाढवला आणि पुढचं सगळं बिनबोभाट पार पडलं. कुणाला काही कळलं नाही. कार्यक्रम संपल्यावर माणसं रांग लावून ताईचं कौतुक करायला आली. प्रयोगशाळेच्या बाईसाहेबांनी तर तिला मिठी मारली. ताई हसत हसत सगळ्यांना ‘आभारी आहे’ म्हणत होती आणि मला, तिच्या बहिणीला, तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

गेल्या वर्षी ताईची निवृत्ती जवळ आली. नोकरी संपली की खात्याचा बँडही संपतो, मग सोयरा म्हणूनही राहता येत नाही, हा नियम. वसंतातला वार्षिक कार्यक्रम हा तिचा शेवटचा. मास्तरांनी रीतीप्रमाणे विचारलं, “काय वाजवायला आवडेल?” निरोपाला लोक एखादी आवडती धून मागतात. ताईने दोनशे वर्षांपूर्वीचा एक ट्रम्पेटचा कन्चेर्टो मागितला. तीन भागांची, सतरा मिनिटांची रचना, मधला भाग संथ. एक ट्रम्पेट पुढे, बाकी सगळे मागे. मास्तर म्हणाले, “तो व्हायोलिनवाल्यांचा प्रकार आहे. आपल्याकडे एक व्हायोलिन नाही.” भावोजी उठून उभे राहिले. “मी बसवतो आपल्या वाद्यांवर. आणि दुसरं म्हणजे...” पुढचं कुणी ऐकलं नाही, कारण लंबूने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

भावोजी पहाटे पाचला उठून स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायला लागले. कामावर जाण्याआधीचे दोन तास, आणि रविवारचा अख्खा दिवस. मूळ रचनेत ढीगभर व्हायोलिनं, त्यांच्या जागी आमच्या चौदा क्लॅरिनेट. मधल्या भरावाला सॅक्सोफोन, त्याखाली युफोनियम, म्हणजे माझ्या ट्यूबाचं धाकटं भावंड, आणि तळाला मी. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्येक वाद्याचा सूर कागदावर वेगळ्या जागी लिहावा लागतो. क्लॅरिनेटला एक पायरी वर, सॅक्सोफोनला भलतीकडेच. एक पायरी चुकली की चौदा जण एकदम बेसूर. शिवाय व्हायोलिनवाल्याला श्वास घ्यायला थांबावं लागत नाही. भावोजींनी पहिल्या आठवड्यात व्हायोलिनच्या ओळी जशाच्या तशा क्लॅरिनेटला उतरवल्या आणि स्वतः वाजवून बघायला गेले. नवव्या बारात त्यांचा चेहरा जांभळा पडला. ताई पाण्याचा पेला घेऊन धावली. मग त्यांनी चौदा जणांचे सात-सात केले, या सातांनी श्वास घेतला की त्या सातांनी ओळ उचलायची. ते जमलं त्या दिवशी ते माझ्या दुकानात फक्त ते सांगायला आले. मी कुणाची तरी पँट लांब करत होते. अर्धा तास उभे राहून त्यांनी सगळे सात-सात मला समजावून दिले. त्यांना इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं.

पाच महिन्यांनी पहिलं वाचन झालं. यातही रिवाज आहे. ज्याने बसवलं त्याने वाद्य खाली ठेवायचं, मागच्या भिंतीला घड्याळाखाली उभं राहायचं आणि वाचन संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. भावोजींसाठी ही शिक्षाच. वादकांनीही भांडायचं नाही. ज्याला जे म्हणायचं ते त्याने आपल्या पार्टच्या पाठीमागे पेन्सिलने लिहायचं. त्याला आम्ही शेरा म्हणतो. तर त्या दिवशी पंपघर दणाणलं. भावोजींनी सगळ्यांना भरभरून दिलं होतं. लंबूला ट्रम्पेटची सगळी धून, पहिल्या सात क्लॅरिनेटना तीच धून, ड्रमवाल्याला गडगडाट, मला तर एवढे सूर की मी घामाघूम झाले. संपल्यावर मास्तर चक्क हसले. म्हणाले, “झकास.” लोकांनी भावोजींची पाठ थोपटली.

मी त्यांच्याबरोबरच घरी गेले, शेरे वाचायला. टेबलावर त्रेचाळीस कागद. ‘मजा आली.’ ‘पान सहावर शाई फुटली आहे.’ ‘असंच आणखी येऊ द्या.’ भावोजी प्रत्येक शेरा मोठ्याने वाचत होते आणि त्यावर आपली टीप जोडत होते. मग ताईचा कागद हातात आला आणि ते थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. ‘दुसऱ्या भागात मी सोळा बार वाजवलंच नाही. नुसती बोटं हलवली. कुणाला कळलं का?’

ताई ओट्यापाशी पाठ करून उभी होती.

“खरंच नाही वाजवलंस?” भावोजींनी विचारलं.

“नाही.”

“पण मी ऐकलं. घड्याळाखाली उभा राहून ऐकलं.”

“लंबूला ऐकलंत. आणि सात क्लॅरिनेटना.”

“ती सोबत आहे तुझी. ओठ दमतात गं. सतरा मिनिटं म्हणजे काय खेळ आहे? मागच्या वेळी...”

“मागच्या वेळी मी पडले आणि टाळ्या मला मिळाल्या.” ताई वळली. तिचे डोळे भरले होते. “चार वर्षं झाली. बाईसाहेब अजून त्या आठ बारांचं कौतुक करतात. मी काय सांगू त्यांना? आता तुम्ही सतरा मिनिटं तसंच करून ठेवलंय.”

“मी तुझ्यासाठीच केलं.”

“माहीत आहे ना. म्हणूनच रडू येतंय. अहो, पडले तर पडू द्या मला. निदान मी पडले हे तरी लोकांना कळेल.”

मी भावोजींकडे बघितलं. आता पुरवणी सुरू होणार म्हणून मी मनाची तयारी केली होती. ते म्हणाले, “बरं.” आणि त्यापुढे काहीच म्हणाले नाहीत.

त्यांचं कुठे चुकलं हे मला नंतर कळलं, त्यांनीच सांगितलं. इतकी वर्षं त्यांनी ताईला एकटीला ऐकलं होतं ते त्या स्वयंपाकघरात. दहा बाय दहाची खोली, तिथे ट्रम्पेट वाजवलं की कपाटातल्या बश्या थरथरतात. तिथे बसून बेतताना त्यांना वाटलं, हिच्यावर कितीही चढवलं तरी ही ऐकू येणारच. मोठ्या जागेत तो आवाज किती एकटा पडतो याचा त्यांना अंदाजच नव्हता. आणि त्यात धास्ती होती. बायको पडेल या भीतीने त्यांनी तिच्या चहुबाजूंनी माणसं उभी केली होती, आणि त्या गर्दीत तीच दिसेनाशी झाली.

पुढचे सहा आठवडे ते पुन्हा पहाटे बसले, पण आता काढायला. लंबूचा सगळा संथ भाग काढला. तिथल्या क्लॅरिनेट चौदाच्या चार केल्या, त्याही दबक्या. ड्रमवाल्याचा गडगडाट ताई विसावा घेते तेवढ्यापुरता ठेवला. मी एका रविवारी गेले तेव्हा टेबलावर खोडरबराचा भुगा पडला होता आणि ते एका सॅक्सोफोनच्या ओळीकडे टक लावून बसले होते. “ही का नाही काढत?” मी विचारलं. “प्रत्येक ओळीला एकच विचारतो,” ते म्हणाले. “ही नसली तर ती पडेल, की नुसता मी घाबरेन?” थोड्या वेळाने त्यांनी ती ओळ खोडली. स्वतःची तिसरी क्लॅरिनेट तर त्यांनी संथ भागातून पार उडवली होती.

नवे पार्ट वाटले त्या मंगळवारी भडका उडाला. ओरडलं कुणीच नाही, रिवाज आहे ना, पण शेरे असे की कागद पेटावा. लंबूने लिहिलं, ‘एकशे बारा बार गप्प. गणवेश तरी घालून येऊ का?’ ड्रमवाल्याने लिहिलं, ‘घरूनच मोजतो.’ आणि माझंही सांगते, लपवत नाही. संथ भागात माझे बहात्तर बार कोरे होते. माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, ‘भावोजी, एवढा वेळ ट्यूबा नुसती मांडीवर घेऊन बसायची असेल तर तुम्हीच येऊन धरा.’ आज आठवलं की लाज वाटते. पण मीही याच बँडची, हातात वाद्य असताना गप्प बसायची मलाही सवय नव्हती.

वाचन संपल्यावर मास्तरांनी काठी स्टँडवर ठेवली. “हे चालणार नाही,” ते म्हणाले. “या बँडमध्ये सोबतीशिवाय सोलो झालेला नाही. उद्या बाईंना काही झालं तर मी लोकांना काय तोंड दाखवू? जुने कागद काढा.” कार्यक्रमाला तीन आठवडे उरले होते. ताई मांडीवरच्या ट्रम्पेटकडे बघत होती. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या क्षणी मला कळलं की मी कुठल्या बाजूने लिहून बसले आहे.

घड्याळाखालून आवाज आला. “मास्तर, इथे या.”

“काय आहे?”

“इथे या. एकदा.”

एवढंच. आणि दुसरं म्हणजे नाही, तिसरं म्हणजे नाही. म्हणूनच असेल, मास्तर चौथऱ्यावरून उतरले. खुर्च्यांमधून वाट काढत ते मागे गेले. एकोणीस वर्षं त्यांनी हा बँड चालवला, पण समोरच्या त्या चौथऱ्यावरून. मागच्या भिंतीपाशी उभं राहून तो कधी ऐकला नव्हता. आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता, ती जागा फक्त बसवणाऱ्याची.

“आधी जुना कागद,” भावोजी म्हणाले. “संथ भाग, सुरुवातीपासून.” लंबूने मान हलवून मात्रा दिली आणि आम्ही वाजवलं. वीसेक बार झाल्यावर भावोजींनी हात वर करून थांबवलं.

“बाई वाजवत होत्या?” मास्तरांनी विचारलं.

“हो,” ताई म्हणाली. “सगळं.”

मग नवा कागद. चार क्लॅरिनेट, खाली युफोनियमचा एक धागा, आणि ताई. मी ट्यूबा मांडीवर घेऊन बसले होते, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या बहिणीचं वाजवणं नीट ऐकू आलं. सगळी सव्वीस वर्षं मी तिच्या मागे बसून वाजवत होते असं नाही, पण अठरा वर्षं तरी बसले होते, आणि मला माहीतच नव्हतं की तिचा आवाज असा आहे. भरदार, जरासा खरखरीत, आणि अजिबात न घाबरलेला. लंबूने मान वळवून तिच्याकडे बघितलं ते बघतच राहिला. मास्तर भिंतीच्या फरशीवर तळहात टेकून डोळे मिटून उभे होते. सगळा भाग संपला तेव्हा ते आले तसे खुर्च्यांमधून परत गेले, चौथऱ्यावर चढले आणि काठी उचलली.

“मोजायला शिका,” ते आम्हाला म्हणाले. “बाराखडी येते तशी शांतता मोजता आली पाहिजे. नवे कागद ठेवा.”

मी पेन्सिल काढली आणि माझा शेरा गिरवून गिरवून काळा केला. तालीम संपल्यावर लंबू ताईपाशी येऊन उभा राहिला. “मला इतकी वर्षं वाटायचं मी तुला मदत करतोय,” तो म्हणाला. ताई म्हणाली, “केलीसच की रे.” मग तो एकशे बारा बार मोजायला बसला, बोटांवर.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला, नगरसभागृहात. सहाशे खुर्च्या, वरच्या सज्ज्यातही माणसं. ताईचा निळा कोट मी काखेत दोन बोटं सैल करून दिला होता, श्वासाला जागा हवी म्हणून. तिची खुर्ची रिकामी होती आणि ती पुढे, मास्तरांच्या डाव्या हाताला, एकटी उभी होती. माझ्या मांडीवरच्या वाद्यामागून मला तिची पाठ तेवढी दिसत होती. पहिला भाग तिने कसा वाजवला ते मला सांगता येणार नाही, कारण मला वाजवायचं होतं. पण तो संपल्यावर सभागृहात जी हालचाल झाली, लोक खुर्चीत पुढे सरकले, ती मी पाहिली.

मग संथ भाग. मी मोजायला लागले. दहा. वीस. भावोजी क्लॅरिनेटच्या शेवटच्या रांगेत, क्लॅरिनेट आडवी, दोन्ही हात गुडघ्यांवर. पस्तीस. ताई वर चढत होती, हळूहळू, एकेक सूर पुढच्याच्या हातात देत. एकेचाळिसाव्या बारात तो फुटला. वरचा, सगळ्यात लांब धरायचा सूर. आधी हवा आली, मग एक चिरका तुकडा, मग काहीच नाही.

सहाशे माणसांना ते ऐकू आलं. ऐकू येणारच, झाकायला काही नव्हतंच तिथे. लंबूचं ट्रम्पेट त्याच्या नकळत हनुवटीपर्यंत वर आलं होतं. सव्वीस वर्षांची सवय. त्याने कागदाकडे बघितलं. कागदावर एक जाड आडवी रेघ आणि तिच्यावर आकडा, वाजवायला एक टिंब नाही. त्याने ट्रम्पेट खाली घेतलं. मी भावोजींकडे बघितलं. त्यांचे हात गुडघ्यांवर पांढरे पडले होते, पण ते जागचे हलले नाहीत. चार क्लॅरिनेट आपली साथ देत राहिल्या, आणि ताईने श्वास घेतला. तो श्वासही ऐकू आला. आणि मग तिने तोच सूर पुन्हा उचलला, एक बार उशिरा, पण नेमक्या त्याच उंचीवर, आणि या वेळी तो असा उभा राहिला की माझ्या अंगावर काटा आला. तिने तो कागदावर होता त्याहून जास्त धरला. मास्तर काठी अधांतरी धरून तिची वाट बघत थांबले. मास्तर कुणाची तरी वाट बघत थांबले, हे आमच्या बँडच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं.

अर्थात मी मोजणं विसरले होते. आता कुठे यायचं, एकाहत्तर की बहात्तर, काही सुधरेना. तेवढ्यात भावोजींनी जराशी मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनी सांगितलं, आता. मी आले ती बरोबर आले. ते सगळ्यांचे बार मोजत होते.

तिसरा भाग म्हणजे नुसता आनंद. आता तिला गमवायला काही उरलंच नव्हतं. पडायचं होतं ते पडून झालं होतं, सगळ्यांदेखत, आणि ती उभी होती. ती वाजवत सुटली. तिच्या बोटांचा वेग एवढा की क्लॅरिनेटवाल्यांची सात-सात करताना तारांबळ उडाली. तिने एक ओळ टाकली की आम्ही त्रेचाळीसातले बेचाळीस जण ती उचलायला धावायचो आणि ती तोवर पुढे गेलेली असायची. मास्तरांच्या केसांची नीट बसवलेली बट कपाळावर आली. ड्रमवाल्याला शेवटी त्याचा गडगडाट मिळाला आणि त्याने तो असा केला की साठवलेले सगळे बार त्यात वसूल झाले. शेवटच्या सुराला ताईने ट्रम्पेट वर उचललं. तो संपला आणि सभागृह उठलं. खालचेही, सज्ज्यातलेही. मी एवढी रडत होते की ट्यूबाच्या तोंडात पाणी पडलं. भावोजी बसूनच होते. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते खदखदून हसत होते, की रडत होते, मला कळलं नाही. ताई वाकून नमस्कार करून मागे वळली आणि तिने हात लांब करून त्यांना उभं राहायची खूण केली. ते उभे राहिले, आणि मी देवाशपथ सांगते, एक शब्द बोलले नाहीत.

बाहेरच्या दालनात ताईभोवती गर्दी झाली. लंबू तिचा कोट धरून उभा होता, भावोजी ट्रम्पेटची पेटी छातीशी धरून. गर्दीतून प्रयोगशाळेच्या बाईसाहेब आल्या, त्याच. त्यांनी ताईचे दोन्ही हात हातात घेतले. “काय वाजवलंस गं! त्या आठ बारांपेक्षाही सुंदर. फक्त मधल्या भागात एक सूर जरासा...” आणि त्यांनी जीभ चावली. लंबूने मान खाली घातली. भावोजींनी पेटी घट्ट धरली. आम्ही सगळे आता ताईचा चेहरा पडणार म्हणून धास्तावून बघत होतो.

ताईचा चेहरा असा फुलला की मी तो तिच्या लग्नातसुद्धा तसा पाहिला नव्हता.

“ऐकू आला ना तुम्हाला?” ती म्हणाली. “माझाच होता तो, बाईसाहेब. आणि बाकीचे सगळेसुद्धा.”